कुंपणावरचे फिरते रोलर : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

आमच्या बिजलीने कुंपण पहिल्यांदा ओलांडले, तेव्हा शेजारच्या काकू फाटकाशी येऊन "तुमची कुत्री आमच्या पायरीवर बसली आहे, घेऊन जा," असे सांगून गेल्या आणि आम्ही फाटक उघडे राहिले असावे असे समजून विषय सोडून दिला. दुसऱ्या वेळी फाटकाची कडी लावलेली होती. तिसऱ्या वेळी ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, एका गाडीला करकचून ब्रेक लावावा लागला, आणि त्या आवाजाने घरातली सगळी माणसे बाहेर आली. त्यानंतर मी कुंपणाच्या माथ्यावर बसवायचे फिरते रोलर विकत घेतले. त्यांचा आता चौदा महिने वापर झाला आहे. त्यात एक पावसाळा, एक कडक उन्हाळा आणि बिजलीचे असंख्य प्रयत्न येऊन गेले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी आमच्या आवाराची कल्पना द्यायला हवी, कारण ती दिल्याशिवाय या वस्तूचे मोल सांगता येणार नाही. घराच्या मागे चौकोनी मोकळी जागा आहे. एका बाजूला घराची भिंत आणि उरलेल्या तीन बाजूंना प्रत्येकी बत्तीस फूट लांबीचे चेनलिंक जाळीचे कुंपण आहे. जाळी सहा फूट उंच, खांब आठ-आठ फुटांवर, आणि माथ्यावर खांबांना जोडणारा आडवा लोखंडी पाइप. बिजली मिश्र वंशाची, तीन वर्षांची, उंच पायांची आणि साधारण वीस किलो वजनाची आहे. तिची नसबंदी झालेली आहे, त्यामुळे माजाच्या काळात होणारी पळापळ हे तिच्या बाबतीत कारण नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण ज्यांचा नसबंदी न झालेला नर वारंवार कुंपण ओलांडतो, त्यांनी रोलरचा विचार करण्याआधी पशुवैद्याशी बोलणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

रोलर घेण्यापूर्वी आम्ही एक चूक केली. उंची कमी पडत असेल असे गृहीत धरून माथ्यावर आणखी एक फूट जाळी वाढवली. बिजली ती वाढीव जाळीही पार करून गेली. तेव्हा कुठे मी दोन संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा मालवून खिडकीशी बसले आणि ती नेमके काय करते ते पाहिले. ती कुंपणापासून चार-पाच पावले मागे जाई, धावत येऊन उसळी घेई आणि पुढचे दोन्ही पंजे माथ्याच्या पाइपावर अडकवी. तेवढ्यात मागच्या पायांची बोटे जाळीच्या चौकटींत रोवली जात आणि शिडीच्या पायऱ्या चढावे तशी ती मागच्या पायांनी अंग वर ढकली. पोट पाइपावर आले की पलीकडे झोकून देणे तेवढे उरे. म्हणजे जिला आम्ही उडी समजत होतो, ती प्रत्यक्षात चढाई होती, आणि त्या चढाईला लागणारी पकड व पायऱ्या या दोन्ही गोष्टी आमच्याच कुंपणाने पुरवल्या होत्या.

रोलरचे तत्त्व नेमके या पकडीवर घाव घालते. आपल्या गळ्याखाली खांद्याला छातीशी जोडणारे जे आडवे हाड असते, ते कुत्र्यांमध्ये जवळजवळ नाममात्र उरलेले आहे. त्यांचे पुढचे पाय धडाला मुख्यतः स्नायूंनीच जोडलेले असतात. धावताना लांब टांग टाकायला ही रचना उत्तम, पण माणसाप्रमाणे हातांच्या जोरावर सगळे अंग वर ओढून घेणे कुत्र्याला अवघड जाते. त्याला पुढचे पंजे कशावर तरी घट्ट अडकवावे लागतात आणि मग मागच्या पायांनी रेटा द्यावा लागतो. पंजे जिथे अडकवायचे तिथे स्थिर कड नसून हात लावताच गरगर फिरणारी जाड नळी असेल, तर रेटा देण्याआधीच पुढची पकड सुटते आणि कुत्रा ज्या बाजूने चढला त्याच बाजूला खाली उतरतो. या यंत्रणेला वीज लागत नाही, पट्टा लागत नाही, धक्का नाही आणि वेदनाही नाही. कुंपणावर काचा लावणे किंवा काटेरी तार ओढणे यांच्या तुलनेत हा मला अतिशय सभ्य उपाय वाटतो. काच आणि काटेरी तार कुत्र्याला थांबवत नाहीत, फक्त पोट फाडून पलीकडे पाठवतात.

मी घेतलेल्या संचात चार फूट लांबीच्या सोळा पोकळ ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या. नळीचा व्यास सुमारे पावणेचार इंच आहे आणि तो महत्त्वाचा आहे, कारण बारीक नळीभोवती कुत्र्याचा पंजा वळू शकतो, जाड नळीवर मात्र तो नुसता टेकतो आणि घसरतो. नळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने बारीक कंगोरे आहेत, टोकांना प्लॅस्टिकची बुचे आहेत, बुचांच्या मध्यातल्या छिद्रांतून पोलादी तारदोर जातो आणि तो दोर ब्रॅकेटांमध्ये ताणून बसवतात. डाव्या आणि उजव्या अशा दोन बाजूंना, जिथून बिजली जात असे, प्रत्येकी आठ नळ्या लागल्या. धातूचा दर्जा, कापणीचा नीटपणा आणि नळीचे फिरणे याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. बोटाच्या टोकाने ढकलली तरी नळी चार-पाच वेढे सहज घेते, आणि चौदा महिन्यांनंतरही त्यात फरक पडलेला नाही.

तक्रार आहे ती पेटीबद्दल. एका सरळ रांगेत आठ नळ्या बसवायच्या असतील तर दोन्ही टोके धरून नऊ ब्रॅकेट लागतात. दोन बाजूंचे मिळून अठरा. पेटीत सोळाच निघाले. कोणीतरी नळ्या मोजल्या असाव्यात आणि तितकेच ब्रॅकेट टाकून पेटी बंद केली असावी. कंपनीला फोन केला, तेव्हा "सोळा नळ्यांना सोळाच ब्रॅकेट असतात" असे मला समजावून सांगण्यात आले. शेवटी मी कागदावर आकृती काढून तिचे छायाचित्र पाठवले आणि उरलेले दोन ब्रॅकेट हाती पडायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंची शेवटची चार-चार फूट जागा उघडी होती. बिजलीने ती पाचव्या दिवशी शोधून काढली. संपूर्ण कुंपणाला रोलर आणि एका कोपऱ्यात चार फुटांची फट, याचा अर्थ कुत्र्याच्या दृष्टीने रोलर नाहीतच असा होतो, हे त्या दिवशी पुरते पटले.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण माहितीपत्रकात म्हटल्याप्रमाणे ते एका माणसाचे आणि एका दुपारचेही नाही. मी आणि माझा भाऊ, दोघांना दीड दिवस लागला. पहिले काम, आम्ही हौसेने वाढवलेली एक फूट जाळी काढून टाकणे. कारण ब्रॅकेट माथ्यावरच्या कणखर पाइपाला आवळायचे असतात, मोकळ्या जाळीला नव्हे. ज्यांच्या कुंपणाला माथ्यावर आडवा पाइप नाही, नुसती जाळी खांबाखांबांवर ताणलेली आहे, त्यांनी आधी तो पाइप बसवून घ्यावा. नाहीतर दोन खांबांमध्ये जाळी झोळीसारखी लोंबते, तिच्याबरोबर रोलरही कलतो, आणि मध्यभागी उंची चार-सहा इंचांनी कमी होते. दुसरी गोष्ट म्हणजे खांब. तारदोराला चांगला ताण दिला की तो टोकाच्या खांबाला आतल्या बाजूला खेचतो. आमचा एक कोपऱ्याचा खांब काँक्रीटमध्ये पुरेसा रोवलेला नव्हता. ताण देताच तो बोटभर कलला, आणि त्याला तिरका टेकू देईपर्यंत पुढचे काम थांबवावे लागले.

नळी आणि तिच्याखालचा पाइप यांच्यातल्या अंतराविषयी पत्रकात एक ओळही नाही, आणि ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. अंतर दोन-अडीच इंच राहिले तर कुत्र्याचा पंजा त्या फटीत शिरतो. शिरलेला पंजा नळीवरून घसरत नाही, उलट अडकतो, आणि अंगाचे सगळे वजन त्या एका पायावर येऊ शकते. आम्ही ब्रॅकेट खाली सरकवून हे अंतर अर्ध्या इंचाच्या आत आणले. नळी कुंपणाच्या बरोबर वर न ठेवता किंचित आतल्या अंगाला, म्हणजे कुत्रा ज्या बाजूला असतो तिकडे, झुकती ठेवली; त्यामुळे खालून वर येणाऱ्या पंजाला पाइप लागण्याआधी नळीच लागते.

पहिल्या संध्याकाळचे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. बिजली नेहमीप्रमाणे मागे गेली, धावली, उसळली, आणि दोन्ही पंजे नळीवर पडताच नळी तिच्याच दिशेने फिरली. ती मागच्या पायांवर उतरली, उभी राहिली आणि वर पाहू लागली. पुन्हा धावली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती धावली नाही. कुंपणाला पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि नाकाने वरच्या नळीचा वास घेण्याचा प्रयत्न करू लागली. एकूण सात प्रयत्न मी मोजले. त्यानंतर ती आवाराच्या मधोमध जाऊन बसली आणि बराच वेळ कुंपणाकडे पाठ करून राहिली. पुढचे दहा-बारा दिवस प्रयत्नांची संख्या कमी कमी होत गेली. कुंपण ओलांडणे हे स्वतःच स्वतःचे बक्षीस असते. दहा वेळा अपयश येऊन अकराव्या वेळी यश आले, तरी तेवढ्या एका यशावर कुत्रा पुढचे कित्येक दिवस प्रयत्न करत राहतो. म्हणून सुरुवातीचे हे दिवस कुत्र्याला आवारात एकटे सोडू नये आणि एकही यश त्याच्या पदरात पडू देऊ नये.

तिसऱ्या आठवड्यात तिने ब्रॅकेट शोधला. दोन नळ्यांच्या मध्ये जो ब्रॅकेट असतो तो फिरत नाही, आणि आमच्या संचातल्या ब्रॅकेटाचा माथा सुमारे दीड इंच रुंद व सपाट आहे. बिजलीने एक पंजा त्यावर ठेवला, दुसरा शेजारच्या नळीवर. नळीवरचा घसरला, पण ब्रॅकेटवरचा काही क्षण टिकला, आणि तेवढ्यात तिचा मागचा पाय जाळीत दोन घरे वर चढला. ती पलीकडे गेली नाही, मात्र जाण्याच्या बेतात होती. आम्ही ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे छोटे उतरते छप्पर करून प्रत्येक ब्रॅकेटवर बसवले आणि प्रश्न मिटला. हे छप्पर कंपनीने स्वतः द्यायला हवे होते. पत्रकातल्या चित्रात एक गुबगुबीत कुत्रा कुंपणाखाली उभा राहून कौतुकाने वर पाहताना दाखवला आहे. त्याने आयुष्यात एखादी पायरी तरी चढली असेल की नाही, याची मला शंका आहे.

जाळीच्या पायऱ्यांचा बंदोबस्त मात्र रोलरच्या कक्षेबाहेरचा आहे. चेनलिंक जाळीची शंकरपाळ्याच्या आकाराची घरे मागच्या पायांना उत्तम आधार देतात, त्यामुळे बिजली ज्या दोन ठिकाणांहून नेहमी उसळी घेई, तिथे आम्ही आतल्या बाजूने गुळगुळीत, अपारदर्शक पत्रे लावले. त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. पलीकडची मांजर, सायकल आणि येणारी-जाणारी माणसे दिसेनाशी झाली आणि उसळी घेण्याचे निमित्तच कमी झाले. कुंपणालगत काही उंच ठेवलेले नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. पाण्याची टाकी, लाकडांची रास, मोठी कुंडी किंवा कुत्र्याचे स्वतःचे घर कुंपणाला खेटून असेल, तर सहा फुटांचे कुंपण त्या जागी तीन फुटांचे होते.

देखभाल नगण्य आहे, पण शून्य नाही. पावसाळ्यात ब्रॅकेटांच्या स्क्रूंवर गंज चढला, कारण नळ्या गंजरोधक असल्या तरी सोबतचे स्क्रू साध्या लोखंडाचे होते. ते बदलून स्टेनलेस स्टीलचे लावले. तीन नळ्यांमध्ये कुंभारमाशीने मातीची घरटी केली, त्यामुळे एका बाजूला वजन येऊन त्या नळ्या एकाच स्थितीत थांबू लागल्या. टोकाचे बूच काढून आतली माती झटकली की काम होते, मात्र दर दोन महिन्यांनी प्रत्येक नळी हाताने फिरवून पाहणे आवश्यक आहे. वारा जोराचा असेल तर नळ्या आपोआप फिरतात आणि हलकी घरघर ऐकू येते. आम्हाला तिची सवय झाली. शयनगृहाची खिडकी कुंपणाला लागून असेल त्यांनी तिचा विचार करावा.

तिसऱ्या, म्हणजे फाटकाच्या बाजूला आम्ही घरगुती रोलर करून पाहिले. चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे, त्यांच्या आत दीड इंची पाइप, त्यातून पोलादी तारदोर, आणि दोर ताणायला एका टोकाला टर्नबकल, एवढ्यावर काम भागते. तत्त्व तेच आणि बिजलीवर परिणामही तोच. पण मोठा पाइप छोट्यावर नीट मध्यात बसत नाही, त्यामुळे तो फिरताना अडखळतो. आणि पीव्हीसी उन्हात हळूहळू ठिसूळ होते. गेल्या महिन्यात एका पाइपाला टोकाशी चीर गेली आहे. थोड्या लांबीसाठी किंवा आपल्या कुत्र्यावर हा उपाय चालतो का, हे आजमावण्यासाठी घरगुती रोलर चांगले आहेत; कायमसाठी ॲल्युमिनियमचेच घ्यावेत.

वरचा मार्ग बंद झाल्यावर बिजलीने खालचा मार्ग धरला. याचा दोष रोलरला देता येत नाही, तरी पत्रकात "कोणताही कुत्रा बाहेर जाणार नाही" असे जे ठळक अक्षरांत छापले आहे, त्याला दोष द्यायलाच हवा. दुसऱ्या महिन्यात डाव्या कोपऱ्यात, जिथे जमीन भुसभुशीत आहे, तिथे वीतभर खोल खड्डा आढळला. पहिल्यांदा आम्ही त्यात दगड भरले. तिने शेजारी दुसरा खणला. कुंपणाखाली खोल चर खणून काँक्रीट भरणे हा पक्का उपाय आहे, परंतु बत्तीस फुटांच्या तीन बाजूंना ते मोठेच काम झाले असते. त्याऐवजी आम्ही आतल्या बाजूने जमिनीवर आडवी जाळी अंथरली. दोन फूट रुंदीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश घ्यायची, तिची एक कड काटकोनात वाकवून कुंपणाच्या पायथ्याशी वीत-वीत अंतरावर तारेने बांधायची, उरलेली दीड-पावणेदोन फूट जाळी जमिनीवर आतल्या दिशेने सपाट पसरायची आणि लोखंडी सळईचे यू आकाराचे खिळे ठोकून ती पक्की करायची. कापलेल्या तारांची टोके खाली वळवली नाहीत तर तीच पंजात घुसतात. कुत्रा खणतो तो अगदी कुंपणाच्या पायाशी. तिथे जाळी लागली की दीड-दोन फूट मागे सरून खणायला सुरुवात करावी, हे त्याला बहुधा सुचत नाही. महिन्या-दोन महिन्यांत जाळीतून गवत वर आले आणि जाळी दिसेनाशीही झाली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी घरांची बारीक जाळी यासाठी घेऊ नये. ती लवकर गंजते आणि दाताने ओढली तर फाटते.

खणण्याची खोड मुळातच अंगात असलेल्या कुत्र्यांना तर रोलरचा काही उपयोग नाही. टेरियर हे नावच जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे आणि डॅक्सहुंड या जर्मन नावाचा अर्थ बिज्जूचा कुत्रा असा होतो. बिळात शिरून शिकार बाहेर काढण्यासाठी ज्यांची पैदास झाली, त्यांनी कुंपणाच्या माथ्याकडे पाहण्याचे कारणच नाही. याउलट सायबेरियन हस्कीसारखी मैलोन्मैल धावण्यासाठी घडलेली जात वरून, खालून आणि फाटकातून, अशा तिन्ही वाटा तपासते. कुंपण चार-साडेचार फुटांचे असेल तर चपळ, मोठा कुत्रा माथ्याला न शिवताच पलीकडे जातो. ज्या नळीला पंजाच लागत नाही, ती फिरली काय आणि न फिरली काय. माझ्या मते सहा फुटांहून कमी उंचीच्या कुंपणावर रोलरसाठी खर्च करू नये, आधी उंची वाढवावी.

फाटकाचा मुद्दा थोडक्यात. आमच्या फाटकाची कडी वर उचलून उघडायची होती, आणि बिजली ती नाकाने उचलते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आता तिथे सरकती खिट्टी आणि तिच्यात अडकवलेला स्प्रिंगचा हूक आहे, बिजागऱ्या आपोआप फाटक मिटणाऱ्या आहेत, आणि फाटकाखालच्या चार इंचांच्या फटीत दगडी उंबरा बसवला आहे. जागा असेल त्यांनी फाटकाच्या आत काही फुटांवर दुसरे छोटे फाटक करावे, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद राहते.

रोलर घेण्याआधी मी अदृश्य कुंपणाचाही विचार केला होता. त्यात जमिनीत तार पुरतात, तिच्यातून रेडिओ लहरी सोडतात, आणि कुत्रा तारेजवळ आला की त्याच्या गळ्यातला पट्टा आधी आवाज करून इशारा देतो व नंतर विजेचा झटका देतो. मी ते घेतले नाही, याचे पहिले कारण झटका हेच होते. वेल्समध्ये झटका देणाऱ्या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे, आणि ती मला रास्त वाटते. पण झटक्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ही यंत्रणा अर्धवट आहे. मांजरीमागे सुसाट सुटलेला कुत्रा झटका सोसून बाहेर जातो आणि उत्साह ओसरल्यावर परत येताना त्याच तारेपाशी थबकतो, म्हणजे जाताना अडवत नाही आणि येताना अडवते. बाहेरचा कुत्रा आत येण्यालाही तिचा अटकाव नाही, आणि पट्ट्याची बॅटरी संपली की कुंपणच संपले. जीपीएसच्या पट्ट्याने कुत्रा कुठे आहे ते कळते, पण त्याच्या स्थाननिश्चितीत काही मीटरांचा फरक पडू शकतो, त्यामुळे लहान आवाराची हद्द राखायला तो कामाचा नाही. तो हरवलेल्याला शोधण्यासाठी आहे. मायक्रोचिपविषयीही पुष्कळांचा गैरसमज दिसतो: तिच्यात बॅटरी नसते, ती ठावठिकाणा सांगत नाही, स्कॅनर जवळ धरल्यावर केवळ पंधरा अंकी क्रमांक देते. बिजलीला चिप आहे, तिची नोंदही अद्ययावत आहे, आणि ज्यांच्याकडे पळणारा कुत्रा आहे त्यांनी रोलरआधी ती बसवून घ्यावी असे मी म्हणेन.

सुरक्षेविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. रोलर असो वा नसो, कुंपणावर चढणाऱ्या कुत्र्याला साखळीने बांधून आवारात सोडू नये. तो पलीकडे उतरला आणि साखळी अपुरी पडली तर गळफास बसतो. गळपट्टा कुंपणाच्या टोकदार कडेत अडकूनही तेच होऊ शकते, म्हणून आवारात असताना बिजलीच्या गळ्यात ओढ बसताच सुटणारा पट्टा असतो. रोलरवरून घसरून पडल्यामुळे तिला आजवर एकही इजा झालेली नाही. मात्र ती जिथे उतरते तिथे माती आणि गवत आहे, फरशी नाही.

तिला सकाळी पूर्वीपेक्षा अर्धा तास अधिक फिरवतो आणि दुपारी घरात ठेवतो, याचाही या सगळ्यात वाटा असणार. रोलर लावल्यानंतर बाहेरचा व्यायाम कमी केला असता, तर तिने आणखी कुठली तरी युक्ती नक्कीच काढली असती. मोठ्या गडगडाटाला ती घाबरत नाही, हे आमचे नशीब. मेघगर्जनेने किंवा फटाक्यांनी बिथरणारा कुत्रा कोणत्याही अडथळ्याला जुमानत नाही, आणि अशा कुत्र्याला त्या वेळी आवारात सोडणेच चूक आहे.

तेव्हा माझे मत असे: कुत्रा माथ्याला पंजे अडकवून चढतो अशी खात्री असेल, कुंपण सहा फुटांचे असेल आणि त्याला माथ्यावर मजबूत आडवा पाइप असेल, तर हे रोलर जरूर घ्यावेत, चौदा महिन्यांत नळ्या बसवलेल्या भागावरून बिजली एकदाही बाहेर गेलेली नाही. कुत्रा खणत असेल, फाटक उघडत असेल किंवा कुंपण बुटके असेल, तर घेऊ नयेत. नळ्यांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन, माहितीपत्रकाला एक आणि ग्राहकसेवेला त्याहून कमी. फाटकाच्या बाजूचा चिरलेला पीव्हीसी काढून तिथेही ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवायच्या आहेत, आणि त्या मी याच कंपनीच्या घेणार आहे. ब्रॅकेट मात्र पेटी आणणाऱ्याला दारात उभे करून मोजून घेईन.